चिकट, गरम द्रवासाठी डोळे झाकून प्लेट हीट एक्स्चेंजर? एक खुलासा

‘द्रव कितीही चिकट आणि कितीही गरम असो, प्लेट हीट एक्स्चेंजर घ्या, त्याचा यू सर्वांत जास्त असतो’ असा सल्ला सध्या फिरतोय. (हा एक्स्चेंजर म्हणजे नक्षीदार पत्र्यांमधल्या फटींतून दोन द्रव नेऊन एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र; यू म्हणजे उष्णता किती सहज पार जाते, त्याचा आकडा.) हा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट म्हणूनच धोक्याचा.

कॅटलॉगमधले यूचे आकडे बहुधा पाण्याचे असतात. २० मिमीच्या नळीतून पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने गेलं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती घुसळला जातो, हे सांगणारा आकडा) २०,००० च्या आसपास येतो. त्याच नळीत, त्याच वेगाने ५०० सेंटिपॉइज चिकटपणाचं तेल (घनता ९०० किलो प्रति घनमीटर) घाला, अंक उरतो फक्त ३६, म्हणजे घुसळण जवळपास नाहीच, आणि यू पडतो. प्लेटच्या नक्षीमुळे प्रवाह लवकर घुसळला जातो, हे खरंच. पण इतक्या चिकट द्रवाला अरुंद फटींतून ढकलताना प्रेशर ड्रॉप (वाटेत होणारी दाबाची घट) कितीतरी वाढतो.

तापमानाचं तर उघड आहे. प्लेटांच्या कडा सील करणारं ईपीडीएम रबराचं गॅस्केट साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतं, आणि तेलात ते फुगतं. २५० अंशांच्या थर्मिक फ्लुइडवर (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलावर) गॅस्केटवाला प्लेट एक्स्चेंजर लावणं म्हणजे गळती आणि आगीला आमंत्रण. तिथे वेल्डेड प्लेट किंवा शेल अँड ट्यूब (मोठ्या कवचात, म्हणजे शेलमध्ये, नळ्यांचा जुडगा असलेला एक्स्चेंजर) पाहा, आणि चिकट द्रव बहुतेक वेळा शेलकडून न्या. बॅफलमुळे (शेलमधल्या आडव्या पडद्यांमुळे) तो ढवळला जातो.

थंड करताना आणखी जपा. भिंतीलगतचा थर गार होऊन घट्ट बसतो. द्रव नळ्यांतून नेला असेल तर काही नळ्या जवळपास तुंबतात, उरलेल्यांतून द्रव गरमच बाहेर पडतो. असा द्रव भिंतीवर थापतच असेल, तर स्क्रेप्ड सरफेस एक्स्चेंजर (आतली भिंत सतत खरवडत राहणारा) लागतो. ऑर्डर देण्याआधी भिंतीच्या तापमानाला व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) किती, हे व्हेंडरला लेखी द्याच.