भाटकाराच्या मुलाने भाड्याने कसे राहावे

जर्मनीत शिकायला चाललात? अभिनंदन. गोव्यात, फोंड्याच्या घरात वरच्या मजल्यावर तुमच्या भाटकार (म्हणजे जमीनमालक) बाबांनी आजवर सात भाडेकरू ठेवले आणि अकरा महिन्यांचा करार संपताच सातही हलवले, तेव्हा भाड्याच्या घराबद्दल तुम्हाला कोण काय शिकवणार!

सुरुवात प्रश्नांनी होईल. भिऊ नका, ओळखीचेच आहेत. बाबा विचारायचे: गोंयकार की भायलो, म्हणजे बाहेरचा? लग्न झालेय? रात्री किती वाजता येणार? तिकडचा घरमालक हेच छापील कागदावर विचारतो: उत्पन्न किती, सिगारेट ओढता का, कुत्रा आहे का, वाद्य वाजवता का. इथे पखवाज लिहू नका. ‘फक्त भजनाला, श्रावणात’ असेही लिहू नका. वर तो ‘शूफा’ नावाचा, तुमची आर्थिक पत सांगणारा दाखला मागेल. घर मिळायला पत लागते आणि पत व्हायला तिथे राहावे लागते. बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून व्हिसा मिळवलात, महिन्याला त्यातले ९९२ हातात येतात, हे त्याला अभिमानाने सांगा. तो मान हलवील आणि घर दुसऱ्याला देईल. मग घरी फोन लावून ‘हा सरळसरळ भेदभाव आहे’ म्हणून संतापा. बाबाही हळहळतील. ‘फक्त गोंयकार कुटुंबाला’ ही आपल्या फाटकावरची पाटी त्यांनी अजून काढलेली नाही, पण तो विषय वेगळा.

घर मिळाले की करार नीट वाचा. बहुधा त्याला मुदतच नसेल. कायद्यात बसणारे कारण दिल्याशिवाय मालक तुम्हाला काढू शकत नाही, तुम्ही मात्र तीन महिन्यांची नोटीस देऊन खुशाल जाऊ शकता. काय ही माणुसकी! डोळे पुसा. फक्त आजोबांना कळवू नका. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हुसकावू न देणाऱ्या १९७५ च्या कायद्याचा त्यांनी जो धसका घेतला, तो अजून उतरलेला नाही. माडाखाली कोणी चार दिवस झोपडी टाकली तरी त्यांचा रक्तदाब वाढतो.

अनामत म्हणून तीन महिन्यांचे ‘थंड’ भाडे द्यावे लागेल. थंड म्हणजे गरम पाणी, हीटर वगैरे धरल्याशिवायचे. ते तीन हप्त्यांत भरायची सोय कायद्यात आहे. मालक हे आपणहून सांगणार नाही. बाबांनी तरी कधी काय आपणहून सांगितले होते?

आता दार उघडा. स्वयंपाकघर कुठाय म्हणून शोधू नका, ते आधीचा भाडेकरू घेऊन गेला. ओटा, कपाटे, सिंक, कधीकधी बल्बसुद्धा. भिंतीतून पाण्याचा नळ तेवढा डोकावत असेल. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवू नका, ती तिथूनच जायफळ उगाळायला घेईल.

ज्यावर तिचा खरा जीव आहे, ते सामान मात्र नीट समजून घ्या. बाहेरच्या देशांतून मांस आणि दूधदुभते युरोपात नेता येत नाही, तेव्हा शेजारच्या मावशीने प्रेमाने दिलेले ‘चोरीस’, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोंयकारी सॉसेज, विमानतळावरच राहील. सुकी मासळी मात्र वीस किलोपर्यंत चालते. वीस किलो! युरोपने गोंयकाराला दिलेला हा खरा मान. खारे बांगडे मनसोक्त न्या आणि पहिल्याच रविवारी तव्यावर टाका. धुराची घंटा छतावर असते. रविवारी सगळी इमारत घरीच असते, त्यामुळे ओळखीपाळखीसाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

बुरशीचे एक सांगायलाच हवे. आपल्याकडे आषाढात चपलेवर, पट्ट्यावर, देवघरातल्या पोथीवर बुरशी येते आणि आपण तिला पाऊस म्हणतो. तिकडे भिंतीवर आली की तुम्ही आळशी. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा बदलायची असते. बर्फ आत आला तर आदराने बाजूला व्हा.

कचऱ्याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. स्कूटरवरून जाता जाता पुलाच्या कठड्यापलीकडे पिशवी भिरकावण्यात तुमचा हात कोण धरील? तोच हात आता दह्याचा डबा विसळून, झाकण वेगळे करून पिवळ्या डब्यात टाकील. पंचवीस सेंट परत मिळावेत म्हणून तुम्ही रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून दुकानात न्याल आणि वर त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकाल: ‘हे लोक किती शिस्तीचे!’ स्टुटगार्टच्या बाजूला राहिलात तर जिना झाडायची पाळीही येईल, आठवडाभर दारावर पाटी लटकवून. घरी अंगण झाडणाऱ्या बाईला याचा फोटो चुकूनही दाखवू नका.

वर्षभराने बाबांचा फोन येईल. वरचे भाडेकरू चवथीआधी जाताहेत, भिंतीला खिळ्यांची चार भोके आहेत, अनामत सगळी द्यायची की कापायची? एव्हाना तुम्ही अनुभवी झालेले असाल. ‘कापा,’ म्हणा. ‘पण भोकांचे फोटो काढून ठेवा. माझ्या मालकाने काढलेत.’