लावणारे थोर, वाचवणारे चोर

आमच्या जवळच्या टेकडीचा उतार कापून रस्ता काढायचं घाटतंय, आणि आम्ही काही जण त्याला विरोध करतोय. आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज. "टेकडी टेकडी करणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत, यांच्यामुळे पुण्यात रस्ते होत नाहीत." खाली अंगठ्यांची रांग. हेच गृहस्थ ५ जूनला टोपी घालून, हातात फावडं धरून वृक्षारोपणाचे फोटो काढून घेत होते. ती रोपं मी जवळून पाहिलीत. काहींची काळी पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. पिशवीसकट खड्ड्यात. मुळं जाणार कुठे, कपाळात?

गप्प बसणार होते. चहा गार झाला तरी डोक्यातून जाईना.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक मावशी राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना खपणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यात. मागे टेकडीच्या उतारावर तोडायच्या झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगात आकडे पडले, तेव्हा आपण सगळ्यांनी ते पाहिले, "अरे बापरे" म्हणालो आणि खाली उतरून मिसळ खाल्ली. मावशींनी शंभरपानी वही आणली. आकडा, झाडाचं नाव, बुंध्याचा घेर. घेर मोजायला शिवणाची टेप. भर मे महिन्यात, डोक्याला पदर गुंडाळून.

या बाई म्हणे रिकामटेकड्या!

रस्ता नको असं कोण म्हणतंय? मान्य, ट्रॅफिक आहे, मीही रोज त्याच चौकात हॉर्न ऐकत बसते. आणि हो, आपल्यातलेच काही जण टेकडीच्या पायथ्याशी आडवीतिडवी गाडी लावून 'निसर्गात' येतात, तेही आहे. पण म्हणून काय उतार कापायचा? पावसाचं पाणी त्या उतारावरच्या गवतातून, खडकाच्या भेगांतून मुरतं, म्हणून खालच्या विहिरी-बोअरला पाणी. उतारावर डांबर टाकलं की तेच पाणी पार्किंगमध्ये येणार. तेव्हा ग्रुपवर मेसेज कोण टाकणार? हेच!

मुंबईतलं आरे आठवतंय ना? मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. अडवायला गेलेल्यांपैकी २९ जणांना अटक. त्यात विद्यार्थी होते हो, कॉलेजची पोरं! मेट्रो झाली, चांगली आहे, मीसुद्धा बसलेय तिच्यात. भांडण मेट्रोशी नव्हतंच, कारशेडच्या जागेशी होतं. पण तेवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे?

कायदा नाही असंही नाही. झाडं जतन करायचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ मध्ये तो सुधारला, पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' झालं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची असं ठरलं. कागदावर झकास. साठ वर्षांच्या वडाला साठ रोपं. लावली कुठे, जगली किती, विचारा बरं कुणाला. झाडावर नोटीस चिकटवतात, हरकतीला सात दिवस, आणि नोटिशीची शाई पहिल्या सरीत वाहून जाते.

मावशींना सुनावणीला बोलावलं होतं, मी सोबत गेले होते. कार्यालयाचं नाव सांगत नाही. टेबलापलीकडच्या साहेबांनी वर न बघताच विचारलं, "आजी, तुमचा या विषयातला अभ्यास काय?" मावशींनी वही उघडली. "तुमच्या यादीत हे बाभूळ लिहिलंय. हा हिवर आहे. बाभळीची साल काळी असते, हिवराची पांढुरकी. तुमच्यापैकी साल बघायला कोण गेलं होतं?" साहेबांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने पंख्याकडे. यादी दुरुस्त करू म्हणाले. केली की नाही, अजून पत्ता नाही.

खरं सांगू, लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या गृहस्थांना तरी कुणी टेकडी कधी नीट दाखवली असेल? जून उजाडला की फावडं आणि बॅनर, एवढंच आपण त्यांना दाखवलं. वर्षानुवर्षं टेकड्यांवर सरकारनेच परदेशातून आणलेला, झटपट वाढणारा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावत नेला, आणि आपणही 'हिरवं दिसतंय ना' म्हणून खूश. गवताळ माळही जपायचा असतो, हे कुणी सांगितलंच नाही.

पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं आठवलं की परत जीव तळमळतो. तिथे २००९ मध्ये ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे गाव बसून ठरवतं. आणि इथे एवढ्या शिकलेल्या शहरात आपल्या वाट्याला काय, तर 'हरकती व सूचना'. त्यासुद्धा आपण पाठवत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्याच वेताळ टेकडीसाठी हजारो माणसं रस्त्यावर आली होती, लहान पोरं खांद्यावर घेऊन. मोर्चाला येतो आपण, अर्जाला येत नाही.

तर मावशींनी हरकतीच्या अर्जाचा नमुना लिहून दिलाय, पहिल्या कमेंटमध्ये टाकते. तसाच्या तसा उतरवू नका, एकसारखे अर्ज एकच हरकत म्हणून बाजूला ठेवू शकतात. तुमच्या शब्दांत लिहा, झाडाचा नंबर लिहा, दोन प्रती काढा. आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हणतील. थांबा तिथेच.