प्रयोग तिकडे, फायदा इकडे

भारतात एखाद्या औषधाच्या चाचणीची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, आपल्या गरिबांना परदेशी कंपन्या प्रयोगशाळेतले उंदीर समजतात. दुसऱ्याचं, असल्या आरडाओरड्यापायीच देश मागे राहतो. मग कोणीतरी मला मध्ये ओढतं, 'ताई, तुमच्या इंग्लंडात चालतं का असलं काही?' माणसांवरच्या चाचण्यांना परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या इथल्या एका संशोधन नैतिकता समितीवर मी बिगर-डॉक्टर सभासद आहे, तेव्हा माझा शब्द अखेरचा ठरेल अशी दोन्ही तटांची समजूत असते. माझं उत्तर मात्र दोघांनाही रुचत नाही.

चालतं, आणि भरपूर चालतं. इथे सरकारी रुग्णालयात भरती झालेल्याला 'एका अभ्यासात भाग घ्याल का' असं विचारणं ही रोजची बाब आहे. आमच्यापुढे येणारे कितीतरी अर्ज नव्याकोऱ्या औषधाचे नसतातच. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या दोन उपचारांपैकी बरा कोणता, गुडघ्याची शस्त्रक्रिया लगेच करावी की आधी व्यायाम द्यावा, अमुक तपासणीने रोग लवकर सापडतो का, असले साधे प्रश्न असतात. एका बैठकीत निदानाच्या एका नव्या रक्ततपासणीचा अभ्यास आला होता. डॉक्टर मंडळी अचूकतेच्या आकड्यांत गढून गेलेली. आमच्यातले एक निवृत्त बसचालक म्हणाले, "उपाशीपोटी रक्त घ्यायचं म्हणता, सकाळी आठला बोलावता, आणि येणारे अर्धेअधिक मधुमेही. ते गाडी चालवत येणार का? आणि जाण्यायेण्याचा खर्च कोणी द्यायचा?" अर्ज घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे याचं उत्तर नव्हतं. वेळ बदलली, प्रवासखर्चाची तरतूद झाली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. एक तृतीयांश सभासद माझ्यासारखे किंवा त्यांच्यासारखे असावे लागतात, ते याचसाठी.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. मार्च 2006 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन1412 हे नवं औषध चाचणीत सहा धडधाकट तरुणांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने टोचलं आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. पहिल्याला काय होतंय ते पाहून मग दुसऱ्याला द्यावं, इतकं साधं शहाणपणही कोणाला सुचलं नव्हतं. जीव वाचले, पण अवयवांनी मार खाल्ला. नियम त्यानंतर कडक झाले. इकडचेही नियम ठेच लागल्यावरच झाले आहेत.

भारतातही तसंच झालं. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो त्याच्यावरची लस देण्याचा प्रकल्प चालू होता. सात मुली दगावल्या. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. एप्रिल 2010 मध्ये सरकारने सगळं थांबवलं. पुढे स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेच्या औषधचाचण्यांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला फटकारलं, नुकसानभरपाईचे नियम आले, आणि 2019 च्या औषधचाचणी नियमांनी नैतिकता समितीतले निम्मे सभासद संस्थेबाहेरचे असणं बंधनकारक केलं. कागदावर पाहिलं तर आपण इंग्लंडपेक्षा उणे नाही. ही लढाई लढलेल्यांना विकासाचे शत्रू म्हणणाऱ्यांनी ती संमतिपत्रं डोळ्यांपुढे आणावीत.

एवढं म्हटलं की पहिला तट खूश होतो. पण माझं खरं म्हणणं पुढे आहे, आणि ते उस्मानाबादचं आहे.

1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचं ते काम. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 गट, आणि गटांचे चार भाग. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्यात व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागात नेहमी मिळायचं तेवढंच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आयुष्यात एकदा, फक्त एकदा तपासायचं आणि पुढे आठ वर्षं नोंदी ठेवायच्या. 2009 मध्ये निकाल आले. एचपीव्ही तपासणीच्या भागात 34,126 बायकांपैकी 34 जणी या कर्करोगाने गेल्या. काहीच न मिळालेल्या भागात 31,488 पैकी 64. एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले.

त्या 64 जणींवरून वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. टीकाकार म्हणाले, पॅप स्मिअर उपयोगी पडते हे जगाला ठाऊक असताना इतक्या बायकांना नुसतं पाहत कसं बसलात? संशोधकांचं म्हणणं, त्या गावांत तपासणी मुळातच नव्हती, आम्ही कोणाचं काही काढून घेतलं नाही. माझ्या समितीपुढे हा अर्ज आला असता तर चौथ्या भागाला मी संमती दिली नसती. आधी अर्ध्या गावांत आणि काही वर्षांनी उरलेल्या गावांत, असं टप्प्याटप्प्याने करूनही तुलना साधता आली असती.

पण या वादात आपण अडकून पडलो आणि मोठी गोष्ट निसटली. 2009 पूर्वी सरकारला म्हणता आलं असतं की खेड्यात काय चालेल ते आम्हाला माहीत नाही. त्यानंतर ती सबब उरली नाही. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या किती निघाल्या? शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि इंग्लंडात 25 ते 64 वयाच्या प्रत्येक बाईला तपासणीचं बोलावणं घरी येतं, मलाही येतं. 2019 च्या अखेरीपासून इथे आधी एचपीव्हीच तपासतात. हे उस्मानाबादमुळेच झालं असा माझा दावा नाही, युरोपातले अभ्यासही होते. पण एकाच तपासणीने मरण टळतं याचा इतका स्पष्ट पुरावा ज्या बायकांनी दिला, त्यांच्या जिल्ह्यात त्यांच्या लेकीसुनांना असलं बोलावणं येत नाही.

आणखी एक किस्सा याच्यावर ताण करणारा आहे. 2010 मध्ये सरकारने बंदी घातली तेव्हा बार्शी-पुण्यासह भारतात अनेक ठिकाणी याच लसीचा दुसराच एक अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात ते पाहणारा. तोही मध्येच थांबला, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. दहाएक वर्षांनी दिसलं की एका डोसनेही विषाणूच्या मुख्य दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. ज्या बंदीने अभ्यास मोडला तिच्यातूनच त्याचं सर्वात मौल्यवान उत्तर निघालं! 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, त्यात या पुराव्याचा वाटा होता. सप्टेंबर 2023 पासून इंग्लंडातल्या शाळांत मुलामुलींना एकच डोस देतात. इथल्या सरकारचा केवढा पैसा वाचला असेल, आणि तो कोणाच्या दंडांवर टोचलेल्या सुयांच्या भरवशावर!

आता दुसऱ्या तटाची पाळी. 'आपल्याकडे चाचण्याच होऊ देत नाहीत' हे त्यांचं पालुपद कोविडमध्ये साफ खोटं ठरलं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 च्या उन्हाळ्यात 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या द्रवाची, चाचणी केली. बऱ्या झालेल्याचा प्लाझ्मा दिल्याने ना मृत्यू टळले, ना आजार बळावायचा थांबला. ऑक्टोबरमध्ये तो निबंध छापून आला. काम चोख, वेळेवर, आणि सरकारी पैशातून झालेलं. तरी एप्रिल 2021 मध्ये आमच्या ग्रुपवर दर तासाला प्लाझ्माची हाक येत होती, अमुक रक्तगट, तमुक वॉर्ड, तातडीने. माझ्या मावसबहिणीने रात्री दोनला फोन करून कोणी दाता ओळखीचा आहे का विचारलं. तिला त्या घडीला निबंध वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. तिच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. दोष त्या चिठ्ठीचा, आणि प्लाझ्मा मार्गदर्शक सूचनांतून काढायला 17 मे 2021 उजाडू देणाऱ्यांचा.

इकडे कोविडवरच्या उपचारांच्या ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचा पहिला रुग्ण मार्च 2020 मध्ये दाखल झाला. 16 जूनला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर झाला: व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीच फायदा नाही. त्याच दिवशी सगळ्या रुग्णालयांना पत्र गेलं. इथले डॉक्टर जास्त हुशार म्हणून हे घडलं, असं नाही. जी यंत्रणा रुग्ण चाचणीत घेते तीच उपचार करते आणि तीच पैसे भरते, त्यामुळे निकालाला जायला दुसरं घर शोधावं लागत नाही.

आपल्याकडे निकाल कधीच रुजत नाहीत असंही नाही. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की रोग तिथे दिसल्यावर, हा शल्यविशारदांचा जुना वाद टाटा मेमोरियलने 2015 मध्ये मिटवला. आधी काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात, थांबलं तर 67.5. जगभर पद्धत बदलली, भारतातही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर त्यांच्यातला क्षय 39 टक्क्यांनी घटला, हे 2023 मध्ये छापून आलं आणि पुढच्याच वर्षी क्षयरुग्णांचा मासिक पोषणभत्ता 500 वरून 1,000 रुपये झाला. मला यात एक फरक दिसतो. निकाल अमलात आणणं एका शल्यविशारदाच्या हातात असेल, किंवा चालू योजनेतला आकडा वाढवण्यापुरतं असेल, तर ते होतं. त्यासाठी गावोगाव नवी व्यवस्था उभारायची असेल तर मात्र निकाल पडून राहतो, आणि आपण भांडत राहतो ते संमतिपत्रावरून. संमतिपत्र हवंच. पण 2019 च्या नियमांत चाचणीनंतर औषध मिळण्याची जी तरतूद आहे ती भाग घेतलेल्यांपुरती आहे. शेजारच्या गावाचं काय? चाचणीला परवानगी देतानाच राज्य सरकारकडून लिहून घ्यावं, की उपाय लागू पडला तर तो इथे कोण, किती वर्षांत, कोणत्या पैशातून देणार.

माझा एक डॉक्टर मित्र महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर काम करतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला. "तपासणी करशील गं, पण जिच्यात दोष सापडेल तिला पाठवायचं कुठे? तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी, जिल्ह्याला रांग. सापडवून सोडून देणं हे न सापडण्यापेक्षा वाईट." त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने याच कर्करोगाच्या तपासणीची जी चाचणी केली तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून कामाला लावलं होतं, आणि आम्लाच्या साध्या पाहणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले होते. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "त्या बायकांना पगार प्रकल्पाचा होता. प्रकल्प संपल्यावर कोण देणार?" तो आता तालुक्याच्या रिकाम्या जागांची यादी काढतोय. ती आली की आमचं भांडण पुढे चालू.