दर उन्हाळ्यात पत्रंच लिहीत बसायचं का?

मार्च सरला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कल्लोळ-येडूर पट्ट्यात कृष्णेचं पात्र उघडं पडतं. फूटव्हॉल्व चिखलात, मोटार हवा धरते, ऊस माना टाकतो. मग बेंगळूरहून मुंबईला पत्र जातं, महाराष्ट्रातल्या कोयना-वारणा धरणांतून पाणी सोडा म्हणून. अहो, उन्हाळा काय न सांगता येतो? जानेवारीत झोपलेले असता काय?

पुढं मंत्री भेटणार, फोटो येणार, तोवर लावण वाळून गेलेली. पाणी सुटलंच तर हद्दीजवळच्या, शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यापर्यंत येता येता निम्मं वरच उपसलं जातं. वरच्यांना काय बोलायचं, त्यांचंही पीक जळतंयच. आणि ते आमच्या हद्दीत पोचलं की काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. पिण्याला राखायचं, मान्य. पण डोळ्यांदेखत वाहतं पाणी आणि मागं वाळता ऊस बघत उभं राहायचं म्हणजे काळीज जळतं हो.

तीच नदी जुलैत अंगावर येते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला, कृष्णेला मिळणाऱ्या पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की इकडं आमच्या पोटात गोळा. रात्री बॅटरीच्या उजेडात, गुडघाभर गाळात मोटारी ओढून काढायच्या. मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज पूल पाण्याखाली, दूध घालायला जायचं तर लांबचा वळसा. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. दर वेळी महाराष्ट्र म्हणतो कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग (मागं तुंबणारं पाणी), कर्नाटक म्हणतं वरचा विसर्ग. घरात चिखल आमच्या!

कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादानं १९७६ ला वर्षाचे वाटे ठरवले: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० टीएमसी (अब्ज घनफूट). दुसऱ्या लवादानं २०१० मध्ये निवाडा दिला, अलमट्टी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला मुभा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशामुळं तो राजपत्रातच आला नाही. वर्षाचे आकडे घेऊन आम्ही काय करू? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नदीत किती पाणी असणार, ते सांगा.

जमत नाही म्हणू नका. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण दोन्ही राज्यांनी मिळूनच केलंय, त्यात कर्नाटकाचा हिस्सा ठरलेला आहे. तिथं जमलं ते कृष्णेवर का जमत नाही? मतं मागायला येताना दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना सीमाभाग आठवतो, पाण्याला मात्र आम्ही कुणाचेच नाही.

कुठल्या महिन्यात, कुठल्या धरणातून, किती टीएमसी, हे दिवाळीआधी लेखी ठरवा. उपसाबंदी दोन्ही काठांना एकाच दिवशी लावा. कर्नाटकातल्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं पाणी सांगली जिल्ह्यातल्या जतला द्यायचं आणि त्या बदल्यात कोयनेचं इकडं सोडायचं, ही चर्चा किती वर्षं ऐकायची? जतच्या पूर्व भागातली माणसंही पाण्यावाचून तडफडताहेत. बसा एकदा समोरासमोर आणि सह्या करा.