मीटर हवेवर पळतो, पण किती?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरत आला. पुण्याच्या समान पाणीपुरवठा (म्हणजे सगळ्या शहराला चोवीस तास पाणी देण्याच्या) योजनेतले मीटर हवेवर पळतात, निम्मं बिल हवेचंच येणार. मीटर लागला म्हणजे पाणी खासगी कंपनीला विकलं. आणि खरा मार गरिबाला. तेव्हा मीटर बसवूच देऊ नका.

हवेचं आधी, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पाणी बंद झालं की पाइपात हवा शिरते, पुन्हा सोडलं की तीच हवा पुढे ढकलली जाते आणि चक्रीचा मीटर तिच्यावरही फिरतो. (ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरला चक्रीच नसते.) पण हिशेब करा. अर्ध्या इंची, म्हणजे 15 मिलिमीटरच्या दहा मीटर पाइपात जेमतेम पावणेदोन लिटर हवा मावते. दिवसातून दोनदा पाणी आलं तरी महिन्याला शंभरेक लिटर. पाच माणसांचं घर, माणशी 135 लिटर धरलं, तर महिन्याला वीस हजार लिटर वापरतं. निम्मं कुठून आलं? मुख्य वाहिनीतली हवा मात्र उंचावरच्या किंवा लाइनच्या टोकाच्या नळांना खरंच छळते. तिथे हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह मागा, जरूर भांडा. शिवाय हा रोग पाणी सोडण्या-बंद करण्याचा आहे. वाहिनी सतत भरलेली असेल तर हवा शिरणार कुठून?

उलट बाजू मेसेजवाले सांगत नाहीत. टाकी भरत आली की बॉल कॉक हळूहळू मिटतो, शेवटी बारीक धार उरते आणि जुना मीटर ती मोजतच नाही. टाकीवाल्या घरांना मीटर बहुधा कमीच दाखवतो. शंका असेल तर दोनशे लिटरचा ड्रम भरा, आधीचं-नंतरचं रीडिंग लिहून ठेवा.

विकलं म्हणायचं तर नागपूर बघा. तिथे वितरण खासगी कंपनीकडे आहे, दर महापालिकाच ठरवते. त्या करारावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण तो करार आहे. मीटर ही मोजपट्टी. कराडशेजारच्या मलकापूरने नगरपंचायत असतानाच चोवीस तास पाणी मीटरवर दिलं.

आणि मीटर फक्त आपल्यालाच मोजत नाही. या योजनेत पाणीवाटपासाठी पुण्याचे 141 विभाग पाडण्यामागचा हिशेब साधा आहे: विभागात किती पाणी आलं, घरांच्या मीटरवर किती नोंदलं गेलं. मधली तूट म्हणजे गळती किंवा चोरी. आज पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातून जाते. घरात बादली वापरा नाहीतर गाडी धुवा, आकडा तोच. पाणी मुरतं कुठे, हे महापालिकेला विचारायचं तर हातात रीडिंग हवं.

राहिला गरिबाचा मुद्दा. तो बरोबर आहे. वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने दर चढत असेल, तर वाड्यात एका नळावर आठ बिऱ्हाडं असली की सगळ्यांचं मिळून युनिट महागड्या टप्प्यात जातं आणि काटकसर करणारेच जास्त भरतात. टप्पे नळजोडावर नकोत, बिऱ्हाडांच्या संख्येवर हवेत. नगरसेवकाला धरायचं तर यावर धरा. मेसेजमध्ये याला एकच ओळ आहे, तीही शेवटी.