बोटं जातात, ती जोखीम कुठे गेली?
उद्योगांपुढच्या जोखमींवरचा एक लेख वाचला. त्यात मनुष्यबळाची जोखीम म्हणजे अनुभवी माणसं सोडून जाणं, एवढंच आलंय. मी पुण्याजवळच्या भोसरीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागात, ११ वर्षं सुपरवायझर आहे. आमच्याकडची पहिली जोखीम म्हणजे पॉवर प्रेसखाली, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्राखाली, जाणारी बोटं. यंत्राच्या धोकादायक भागाला गार्ड (संरक्षक आडोसा) हवा, हे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्येच होतं. तरी माल जास्त निघावा म्हणून हात आत आला की प्रेस थांबवणारे सेन्सर बंद ठेवलेले मी पाहिलेत. दोन्ही हात प्रेसबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, त्यातलं एक चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवतात. आणि त्या प्रेसवर कोण? कालच आलेला कंत्राटी पोरगा, ज्याचा ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबरही निघालेला नसतो. नव्या माणसाला पहिले आठ दिवस प्रेसवर बसवूच नका, आणि सेन्सर चालू-बंद करायची किल्ली प्रॉडक्शनवाल्यांकडे देऊ नका.