मॅक फिल्टर: चोर सोडून संन्याशाला फाशी

नाशिकचा कॉलेज रोड घ्या नाहीतर पाथर्डी फाटा. 'कोणीतरी आपलं वायफाय वापरतंय' म्हटलं की बिल्डिंगमधला एक तरी पंडित पुढे सरसावतो: 'मॅक फिल्टर लावून टाका ना!' म्हणजे प्रत्येक फोन-लॅपटॉपची बारा अंक-अक्षरांची ओळख (मॅक) पाहून राउटरने कोणाला घ्यायचं, कोणाला अडवायचं ते ठरवायचं. किती वर्षं हेच पाजळणार आहात?

२०१९ च्या अँड्रॉइड १० आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपणहून खरा मॅक सांगतच नाही, स्वतः बनवलेला सांगतो. बारा खुणांमधली दुसरी खूण २, ६, ए किंवा ई दिसली की समजायचं, मॅक बनावट. तुम्ही अर्धा तास खपून तो ब्लॉक करता. फुकट्या सेटिंगमध्ये 'रँडम मॅक'चं 'फोन मॅक' करतो आणि दहा सेकंदांत परत हजर. राउटरच्या लेखी तो नवा पाहुणा!

मग पंडित म्हणतो, उलटं करा, फक्त ओळखीच्यांनाच आत घ्या. करा! मालेगावहून मावशी आल्या की आधी लॅपटॉप उघडा, १९२.१६८.१.१ सारख्या राउटरच्या सेटिंगच्या पत्त्यावर जा, त्यांच्या फोनमधले बारा अंक-अक्षरं टिपा. ८ की बी, ० की डी? फोन दाखवतो कोलन, काही राउटरना हवा डॅश. सेव्ह दाबलं की बऱ्याच राउटरांचं वायफाय क्षणभर बंद, आतल्या खोलीतली ऑफिसची मीटिंग तुटली. त्यात यादीत स्वतःचाच लॅपटॉप टाकायचा राहिला तर तुम्हीच बाहेर. अशा वेळी लॅन केबल लावा, तारेला हा फिल्टर सहसा लागत नाही. पण लोक घाबरून टाचणीने रिसेट दाबतात, त्यात पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या जोडणीचं, युजरनेम-पासवर्डही उडतं, आणि मग केबलवाल्याची वाट बघत बसा.

एवढं करून चोर अडतो का? नाही. मॅक हवेतून उघडाच जातो, डब्ल्यूपीए२ हे वायफायचं कुलूप असलं तरी. पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो चालू असलेल्या फोनचा मॅक उचलून स्वतःला लावतो. ज्याच्याकडे पासवर्डच नाही तो तसाही बाहेरच. म्हणजे हा फिल्टर नेमका अडवतो कोणाला? मावशींना!

खरं भोक पासवर्डात आहे. कितीतरी घरांत तो मालकाचा मोबाइल नंबर. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी. फोन जोडला जाताना होणारी देवाणघेवाण एकदा टिपली की चांगलं ग्राफिक्स कार्ड ते सगळे काही तासांत तपासून मोकळं होतं. शेजाऱ्याला तर तेवढेही कष्ट नाहीत, नंबर त्याच्याकडे सेव्ह आहे. वर पोरं शेअरचा क्यूआर काढतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत त्याखाली पासवर्ड चक्क अक्षरांत छापलेला. स्क्रीनशॉट ग्रुपवर पडला की गेलंच सगळं.

आणि ते डब्ल्यूपीएस, पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय! आठ आकडी पिन, पण तपासणी दोन तुकड्यांत आणि शेवटचा आकडा नुसती पडताळणी, म्हणून १०,००० अधिक १,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ पासून जगजाहीर, तरी अनेक राउटरांत ते चालूच येतं. कारखान्यातल्या लोकांना काय म्हणावं?

तेव्हा फिल्टर काढा. आधी राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस बंद करा, मग वायफायला किमान १६ अक्षरांचा नवा पासवर्ड द्या. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिले तरी चालतात. कुलूप नव्या डब्ल्यूपीए३ चं लावा; जुना प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब त्यावर रुसला तर डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा, जुनं कमकुवत टीकेआयपी नको. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, त्यातून घरातल्या नेटवर्कला पोहोचण्याची परवानगी बंद ठेवा, आणि लोक येऊन गेले की त्याचा पासवर्ड फिरवा. मुख्य पासवर्ड भाडेकरूलाही नाही, पंडितालाही नाही.

पासवर्ड बदलल्यावर टीव्हीच्या रिमोटने १६ अक्षरं एकेक करून टाकताना बोटं झिजतील, ती झिजू द्या. एकदाच झिजतात.